वेगळी चूल

"तिसऱ्यांदा परत पाठवलंत!"

सहनाने लॅपटॉप अवरेकाळूच्या परातीशेजारी ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. पावट्याचे चार दाणे उडून चिदंबरअज्जांच्या पायाशी गेले. ते उचलायला अज्जा वाकले आणि जरा वेळ वाकलेलेच राहिले.

"घाईचं काम आहे तुझं."

"कुठे घाई? एक चूक दाखवा ना. एकच."

अज्जांनी दाणे परातीत टाकले, खिडकी उघडली, पुन्हा लावली. मालतीअज्जी शेंगा सोलत राहिल्या.

चिदंबरअज्जा सहनाच्या आजोबांचे धाकटे भाऊ. तरुणपणी बेळगोळच्या एका कंपनीत असताना त्यांनी घरी बसून 'बोलका' लिहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं कन्नड, मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. कंपनीने तो विकत मागितला. अज्जांनी नोकरी सोडली आणि बोलका ओळीन् ओळ उघडी करून जगाला फुकट देऊन टाकला. घ्या, बदला, वाटा. ज्यांना दिसत नाही अशी कितीतरी माणसं आज त्याच्यावर शिकतात, नोकऱ्या करतात. भाषणांची बोलावणी येतात. अज्जा जात नाहीत. डोळ्यांना चांगलं दिसत असूनही दिवसभर बोलका लावून बसतात आणि लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासतात. पाठवावी कुणीही, आत घ्यायची की नाही ते अज्जा ठरवणार.

आणि बोलक्याचा आवाज मालतीअज्जींचा होता. दोघांच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, पंखा बंद करून, भिंतीला गाद्या लावून, तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड केलेला. सहनाने त्याच्या जागी स्वतःचा आवाज पाठवला होता.

"गगनला विचारा," सहना म्हणाली. गगन तिच्या वर्गातला, बन्नीमंटपचा. त्याला दिसत नाही. "तो तिप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगाला अज्जींचा आवाज म्हणजे जिन्यावरून भांडी पडतात नुसती. परीक्षा महिन्यावर आलीय त्याची. माझा आवाज फुटत नाही. मी तपासलंय, त्यानेही तपासलंय."

"हळू ऐकायचं मग."

"अय्यो अज्जा! अख्खा इतिहास हळू ऐकायचा? परीक्षा संपेल, साम्राज्यं पडायची राहतील."

मालतीअज्जी खुदकन हसल्या. अज्जा टेबलापासून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मग मी वेगळी चूल मांडते," सहना एका दमात म्हणाली. "सगळा बोलका उचलते, माझा आवाज घालते, नव्या नावाने ठेवते. कुणीही तसं करू शकतं, असं तुम्हीच लिहून ठेवलंय."

अज्जा दारातच थांबले. इतक्या वर्षांत कुणी तसं केलं नव्हतं.

"लिहिलंय खरं," ते म्हणाले. "कर."

तिला 'थांब' ऐकायचं होतं. तिने वाट पाहिली. मग बटण दाबलं. अज्जांकडचं काहीच कमी झालं नाही. तरी ते खुर्चीचा हात चाचपत खाली बसले.

"आयतु, झालं ना?" मालतीअज्जी म्हणाल्या. "आता या शेंगांना हात लावा दोघं."

रविवारी गगनचा मेसेज आला: सगळा धडा एका बैठकीत! सहना पलंगावर उडी मारून नाचली. मागोमाग अनोळखी लोकांचे आले. प्रत्येक मेसेज उघडताना ती आधी नाव बघायची. अज्जांचं नसायचं. वर्गात तिचे पाय बाकाखाली सारखे हलत, जेवताना फोन मांडीवर. त्यांच्या घरावरून सायकल नेताना ती दोनदा घंटी वाजवून न थांबता पुढे गेली.

शनिवारी मालतीअज्जींचा फोन आला.

"काय घोळ घातलास गं? सकाळपासून घरात तूच बोलतेयस."

"मी?"

"ह्यांनी तुझावाला लावलाय. पेपर तूच वाचतेस, टपाल तूच. आणि केवढी घाई! मला एक अक्षर कळेल तर शपथ."

सहना उभी राहिली. "काय म्हणाले? आवडला?"

"आकडे वाचताना श्वास घेत नाही, सांग तिला, म्हणाले."

सहनाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिने उशी छातीशी धरली.

"पण मला सुम्मने, उगाच त्रास," अज्जी म्हणाल्या. "मधेच तुला बंद करतात आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. काहीतरी बोल, म्हणतात."

"काय बोलायचं?"

"तेच विचारलं मी. तर म्हणे, काहीही." मागे पावलं वाजली. "बघ, आलेच."

फोन ठेवायचा त्या विसरल्या. पलीकडे सारात मीठ जरा जास्त पडल्याचं त्या अज्जांना सांगू लागल्या, आणि सांगतच राहिल्या.