सायकलवर कोणी बसत नाही

गेल्या वर्षी बुलढाण्याला नर्सिंगच्या प्रवेशाच्या तोंडी परीक्षेत मेट्रनबाईंनी कोकिळाला इंग्रजीत विचारलं होतं, "तुमच्या घरी सायकल आहे?"

"येस."

"कोण चालवतं?"

"नोबडी."

मेट्रनबाई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या, कोकिळा फरशीकडे पाहत राहिली, आणि वेळ संपून ती नापास झाली. परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, आणि यंदाची ही तिची शेवटची खेप होती. प्रश्न दरसाल तेच असतात, एवढं मात्र तिने बाकीच्या मुलींकडून काढून घेतलं होतं.

उंद्रीच्या शाळेतल्या पंजाबराव गुरुजींनी दुखणं ओळखलं. "तुयं इंग्रजी वाईट नाही, पोरी. पन तू मीठ टाकल्यासारखी चिमटी चिमटी बोलतं. एका प्रश्नाले तीन वाक्यं पायजे." त्यांनी इंग्रजीत उत्तर बांधून दिलं : माझे वडील सायकल चालवतात. ते रोज तिच्यावर बसून शेतात जातात. सायकलीने आरोग्य सुधारते.

कोकिळा कांद्याच्या वाफ्यात निंदताना ते घोकू लागली.

"हे काय टरटर लावली वं?" तिची आई तानुबाई म्हणाली.

कोकिळाने अर्थ सांगितला. तानुबाई विळा घेऊन उभीच राहिली. "तुया बाप सायकलवर बसते? कवापासून? मले तं बोलला नाही!"

वाफ्याच्या दुसऱ्या टोकावरून तिचे वडील उकंडराव ओरडले, "म्या बसलो तं वांगे कुठी बसतीन?"

खरं तेच होतं. त्यांच्या मळ्यातून निघणारा बांध अरुंद, तिथून बैलगाडी जात नव्हती. म्हणून सायकल घेतली होती ती ओझ्यासाठी. कॅरिअरवर बांबू आडवा बांधायचा, दोन्ही टोकांना टोपल्या, आणि हँडल धरून चिखलीच्या बाजारापर्यंत चालत जायचं. सीटचा उपयोग दोर आवळायला. घरात कोणालाच सायकल चालवता येत नव्हती.

संध्याकाळी ती गुरुजींकडे गेली. "गुरुजी, उत्तर खोटं हाय."

"मेट्रनबाई काय उंद्रीले पाह्याले येनार हाय?"

"पन त्यायनं पुढचं इचारलं तं? खोट्याच्या पुढं मले वाक्यच सुचत नाही."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मंग खरं सांग. पन तीन वाक्यं."

तेव्हापासून ती रोज बांधावर बापाच्या मागे चालत वाक्यं जुळवू लागली. एखादा शब्द इंग्रजीत येत नसला की वाक्य मोडायचं आणि येतात त्या शब्दांत पुन्हा बांधायचं.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न तोच आला. कोण चालवतं?

"कोणी नाही," कोकिळा इंग्रजीत म्हणाली. "आम्ही वांगी पिकवतो आणि सायकल ती चिखलीच्या बाजाराला नेते. माझे वडील तिच्या बाजूने चालतात."

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. "टोपल्या कुठे ठेवता?"

हे तिने बसवलेलं नव्हतं. तिचे हात आपोआप आडवे पसरले.

"हात नको. शब्द."

कोकिळाने हात मांडीवर दाबून धरले. आडव्या बांबूला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिला ठाऊक नव्हतं. "एक लांब काठी सायकलवर झोपते," ती म्हणाली. "एक टोपली या टोकाला. एक त्या टोकाला."

"आणि उतारावर?"

"उतारावर माझी आई मागून दोर धरते. तिने सोडला, तर वांगी आधी बाजारात पोचतात आणि वडील नंतर."

मेट्रनबाई हसल्या. "हे सगळं गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षी मला लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटते. पण मला नर्स व्हायचं आहे."

मेट्रनबाईंनी पेन उचलून तिच्या नावापुढे खूण केली आणि जूनच्या पहिल्या सोमवारी कपडेलत्ते घेऊन हजर व्हायला सांगितलं. कोकिळा उठली नाही. कोणत्या दाराने यायचं, किती वाजता आणि कोणाला भेटायचं, हे सगळं तिने इंग्रजीतच विचारून घेतलं.