आईचं आडनाव

पहिल्या दिवशी बाईंनी वर्गात प्रत्येकाला विचारलं, स्पॅनिश का शिकायचंय? कुणाला परदेशी नोकरी हवी होती, कुणाला पुढचं शिक्षण. एका मुलीला तिकडचा नाच शिकायचा होता, म्हणून आधी भाषा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, नातवाशी बोलायचंय. त्यावर सगळा वर्ग 'किती गोड' अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागला. मला तिथूनच उठून जावंसं वाटलं. यात गोड काय होतं?

मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि मशीननं चाळीसही थर एकदम कापायचे, हे माझं काम. माझा हात चुकला तर एक पँट बिघडत नाही, चाळीस बिघडतात. त्यामुळे माझा स्वभाव जरा खडूस झालाय, असं मी लोकांना सांगतो. माझ्या बायकोचं म्हणणं, स्वभाव लग्नाच्या दिवसापासून असाच आहे, कापडाला उगाच बोल लावू नका.

आम्हाला एकच मुलगी. नर्स होती. नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिकडच्याच माणसाशी लग्न केलं. जावई बसगाड्यांचा मेकॅनिक, स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही, पण माणूस सरळ. मुलगी होती तोवर भाषेवाचून कुणाचं काही अडलं नाही. फोनवर ती मध्ये बसायची आणि आमचं त्याला, त्याचं आम्हाला सांगायची. तिखटमीठ लावून सांगायची, हे तिच्या हसण्यावरून कळायचं. चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि पाच महिन्यांत गेली. आमची कागदपत्रं हातात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग जाऊन कुणाला भेटणार? आम्ही गेलो नाही. नातू तेव्हा तीन वर्षांचा होता.

त्यानंतरही जावई दर रविवारी सकाळी न चुकता फोन लावायचा. तो हात हलवायचा, आम्ही हात हलवायचो. तो पोराला पुढे करायचा, आम्ही पोराला हात हलवायचो. पोराला आईनं शिकवलेले चार मराठी शब्द येत होते. आजी, आजोबा, पाणी आणि नको. ते एकेक करून गेले. 'नको' सगळ्यात शेवटपर्यंत टिकला, मग तोही गेला. दीड वर्षापूर्वी जावयानं दुसरं लग्न केलं. फोटो आला. ही तो बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई चेहऱ्यावरून बरी वाटते." दोष तरी कुणाला द्यायचा? पस्तिशीचा माणूस, पदरात पोर, घरात दुसरं कुणी नाही.

पण त्या फोटोनंतर मला एक भीती बसली. पोराला आई आठवत नव्हती. तिच्याविषयी सांगू शकतील अशी माणसं म्हणजे आम्ही दोघं, आणि आमची भाषा त्याला येत नव्हती. आम्ही उद्या डोळे मिटले की त्याच्यापुरती ती कधी नव्हतीच, असं होणार होतं. तेवढं होऊ द्यायचं नाही, म्हणून मी छप्पन्नाव्या वर्षी क्लास लावला. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

आता खरं सांगायचं तर पालथ्या घड्यावर पाणी. शेजारची विशीतली पोरं एकदा ऐकलेला शब्द गिळून टाकायची. मी तोच शब्द जिना उतरेपर्यंत विसरायचो. पोरं मला काका म्हणायची, उत्तरं दाखवायची. बाई रागवायच्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. मग मी माझ्या पद्धतीनं अभ्यास सुरू केला. कारखान्यात वरच्या थरावर आखणी झाली की कोपऱ्यात खडूनं दहा शब्द लिहायचे, दिवसभर बघायचे, कापण्याआधी पुसायचे. एकदा पुसायचे राहिले. आठवड्यानं, ज्यांचे ते गणवेश होते त्यांच्यातला एक सुरक्षारक्षक नवी पँट उलटी करून मालकांकडे आला. आतल्या बाजूला माझ्या अक्षरात ओळीनं लिहिलेलं होतं, कुचारा, तेनेदोर, कुचियो. चमचा, काटा, सुरी. मालकांनी मला बोलावून अगदी गंभीरपणे विचारलं, मास्तर, हे करणी-बिरणीतलं काही नाही ना? त्या दिवसापासून अख्खा कारखाना मला मांत्रिक म्हणतो.

सहा महिन्यांत मला विमानतळावर हरवलेली बॅग मागता यायला लागली. हॉटेलात खिडकीजवळची खोली मागता यायला लागली. मला यातलं काहीच मागायचं नव्हतं. मला 'तुझी आई अशी होती' एवढंच सांगायचं होतं. बाई म्हणाल्या, भूतकाळ दुसऱ्या वर्षाला आहे, काका, घाई करू नका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं मी एका रविवारी वर्तमानकाळातच सांगून टाकलं. तुझी आई छान गाते, म्हटलं. पोरानं मान वळवून ओट्याशी उभ्या असलेल्या जावयाच्या नव्या बायकोकडे पाहिलं आणि मला म्हणाला, नाही, गात नाही. खोटं बोलला नव्हता तो. मी विषय बदलला. बदलला म्हणजे, तिकडे हवा कशी आहे ते विचारलं.

अशात एका शुक्रवारी बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि तिकडच्या चालीरीती सांगायला घेतल्या. मी कान टवकारले नव्हते. कोण किती वाजता जेवतं हे कळून मला काय करायचंय? पण बाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले, त्यांच्याखाली एक, आणि म्हणाल्या, तिकडे प्रत्येक माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. आईचं म्हणजे तिचं माहेरचं. लग्नानं बाईचं आडनाव बदलत नाही आणि मुलाच्या नावातून ते गळत नाही. शाळेचा दाखला असो की ओळखपत्र, दोन्ही लागतातच.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. चौदा महिन्यांत मी वर्गात आपणहून हात वर केला नव्हता, तो केला. विचारलं, आई वारली असेल तर?

"तरीसुद्धा," बाई म्हणाल्या. "आई नसली म्हणून ती आई होती हे थोडंच पुसलं जातं, काका?"

मी घरी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. ही भाजी चिरत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता तिला सगळं सांगितलं. तिला आधी पटेचना. पोराच्या जन्माच्या वेळी मुलगी काही बोलली कशी नाही, म्हणाली. मी म्हटलं, तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय होतं? तिकडे सगळ्यांचंच तसं असतं. हिनं विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे शाळेत रोज हजेरी घेताना आपल्या पोरीचं नाव घेतात." आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मुलगी गेल्यावर मी तिला खूपदा रडताना पाहिलं होतं. पण त्या दिवशीचं रडणं निराळं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं. आमचं आडनाव काही मोठं नाही. कारखान्यात ते कुणाला ठाऊकही नसेल. पण ते त्या परक्या देशात, आमच्या पोरीमागे, एका सात वर्षांच्या मुलाच्या नावात रोज उच्चारलं जात होतं. मला वाटलं, आता भूतकाळ मला आणखी दोन वर्षांनी जमला तरी चालेल.

हिनं एकच मागणं मागितलं. त्याच्या तोंडून ते एकदा ऐकायचंय. त्यात अवघड काही नव्हतं. तुझं पूर्ण नाव काय, हा पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न, तो मला झोपेतही विचारता आला असता. तरी शनिवारी मी तो आरशासमोर वीसेकदा म्हटला. रविवारी ही सकाळी लवकर उठून, ठेवणीतली साडी नेसून फोनसमोर बसली. मी म्हटलं, अगं, आडनाव ऐकायचंय, जेवायला जायचं नाहीये. तिनं लक्ष दिलं नाही.

जावई कामावर गेला होता. फोन त्या बाईनं लावला आणि पोराला पुढे बसवलं. समोरचे दोन दात पडले होते. नमस्कार-चमत्कार झाले, हवेची चौकशी झाली, आणि मी विचारलं, तुझं पूर्ण नाव काय?

शाळेतल्या मुलासारखा तो ताठ बसला आणि घडाघडा म्हणाला. त्याचं नाव. वडिलांचं आडनाव. आणि त्यापुढे तिसरं काहीतरी, जे आमचं नव्हतं.

मी म्हटलं, सावकाश म्हण. त्यानं एकेक बोट धरून सावकाश म्हटलं. तेच. मग मागून त्या बाईचा हात त्याच्या खांद्यावर आला आणि ती त्याच्या शेजारी बसली. ती माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून बोलत होती. म्हणाली, शाळेत, दवाखान्यात कागदावर माझं नाव वेगळं आणि त्याच्या आईचं वेगळं, म्हणून लोक त्याला विचारायचे, ही तुझी कोण? तो रडत घरी यायचा. म्हणून गेल्या महिन्यात कोर्टात जाऊन मी त्याला रीतसर दत्तक घेतलं. त्याचं दुसरं आडनाव आता माझं आहे. न्यायाधीशांनी त्याला एकट्याला बोलावून विचारलं, तो हो म्हणाला. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण कसं सांगणार, आमच्यापैकी कुणाला तुमची भाषा येत नाही. तिचे डोळे भरले होते. मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच समोरच्याच्या बोलण्यातला एकही शब्द माझ्या हातून सुटला नाही. मी म्हटलं, समजलं. तिनं पुन्हा विचारलं, नक्की समजलं? मी म्हटलं, सगळं समजलं.

माझ्या दंडाला हिनं बोटानं ढोसलं. "काय म्हणते ती एवढं? आणि तो म्हणाला का आपलं आडनाव? त्याच्या बोलण्यात मला काही उमगलं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ठेवणीतली साडी, केस चापून बसवलेले, आणि चेहरा असा की मुलगी गेल्यापासून मी तो पाहिला नव्हता.

"म्हणाला," मी म्हटलं. "आपल्या आडनावात ळ आहे ना, तो त्यांना येत नाही. म्हणून तुला वेगळं वाटलं."

ही फोनवर वाकली. पडद्याला हात लावून मराठीत म्हणाली, "शहाणा गं माझा राजा. तुझ्या आईचं नाव असंच घेत जा. म्हण बघू परत एकदा."

पोरगं गोंधळून त्या बाईकडे बघायला लागलं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आजी काय म्हणताहेत? दोन्ही घरांत मिळून दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो.

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं, ती म्हणते, नाव फार छान आहे, परत एकदा सांग.

त्यानं परत सांगितलं, या वेळी आणखी मोठ्यानं. ही डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, खरंच हो, तो ळ त्याला जमत नाही, पण तुम्ही शिकवा, पुढच्या रविवारी पुन्हा म्हणायला लावू.