झाडकोंडीचा पंचनामा

मी एक जुना कातळ आहे, मित्रांनो. आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, पसरलेला. किती जुना, ते मलाही सांगता येत नाही; ज्या झाडाभोवती मी घट्ट झालो, त्या झाडाचे नावही आता कोणाला ठाऊक नाही. झाड कुजून गेले. माझ्यात त्याच्या बुंध्याएवढी खोल पोकळी राहिली. हात घातलात तर सालीच्या रेघा अजून बोटांना लागतात. गाव तिला झाडकोंड म्हणते. पावसाचे पाणी तिच्यात माघापर्यंत टिकते, गावची गुरे ते प्यायची.

काही वर्षांपूर्वी वैशाखात माझे मालक गंगाराम यांनी मला चिरेखाणीला द्यायचे ठरवले. माणूस वाईट नव्हे. सड्यावर गवताशिवाय काही उगवत नाही. शाळेच्या दमयंतीबाईंनी मात्र हरकत घेतली. त्या दरवर्षी मुलांना आणून माझ्या सालीवरून बोटे फिरवायला लावत. मग तलाठी आले, छापील कागद घेऊन; खाणीने कशाकशापासून लांब राहायचे, त्याचे रकाने त्यावर होते.

देऊळ – नाही.
रस्ता – नाही.
घर – नाही.
पाणवठा –

"आणि हे लाखो वर्षांचं झाड?" बाईंनी विचारले.

तलाठ्यांनी कागदाची मागची बाजूही पाहिली. "बाई, झाड तोडायला परवानगी लागते. पण हे झाड तर नाहीच आहे. जे नाही, त्याला रकाना कुठला?"

जमलेल्या गावकऱ्यांतल्या धोंडूने सुचवले, शेंदूर फासा, देऊळ होईल. गुरे राखणाऱ्या हौसाला ते पटले नाही. देवाला खोटी साक्ष द्यायला बसवू नका, म्हणाली, पाणवठा लिहा. तलाठ्यांनी वाकून पाहिले. कोंड कोरडी ठाक. पावसाआधी ती घासून लख्ख करायची, ही गावाची रीत. आदल्याच दिवशी बायकांनी गाळ काढला होता. पाण्याची खूणसुद्धा उरली नव्हती.

तलाठी 'नाही' लिहायला वाकले.

"भावसायेब," हौसा म्हणाली, "वैशाखात तुमच्या हापिसातल्या नळाला तरी पानी असतं काय? म्हनून त्याला नळ म्हनत नाय?"

पहिले हसले ते गंगारामच. मग त्यांनीच सांगितले की त्यांचे बैलही इथेच पितात. कागदावर 'हंगामी पाणवठा' अशी नोंद लागली. खाणीला कोंडीभोवती अंतर सोडावे लागले.

मी राहिलो. माझ्या बाकीच्या अंगाचे चिरे झाले, चिऱ्यांची घरे झाली. त्याचा राग नाही. पण तिन्ही बाजूंनी खाण खोल गेली, आणि गुरे बिचकून यायची थांबली. हौसाला धास्ती, उद्या कोणी विचारले की इथे पितो कोण, तर काय दाखवायचे? म्हणून कोंडीत पाणी असेपर्यंत ती रोज आपल्या गाईला, कपिलेला, उरलेल्या चिंचोळ्या वाटेने ओढत आणते. कपिला पाय रोवते.

"पी गो बाय," हौसा तिची पाठ थोपटते. "तुझ्या एका घोटावर सगळं अडलंय."

मित्रांनो, कायद्याने मला ओळखले ते पाण्यासाठी. माझ्या पोटातल्या झाडासाठी अजून कोणी कागद छापलेला नाही. तो छापला जाईपर्यंत मला जपा. सहलीला या, साल चाचपून पाहा, फक्त नावे कोरू नका. आणि कपिला आता थकली आहे. जमलेच तर येताना एखादी गाय आणा.