वच्छलाबाईची सही

"सही करायला काय जातंय तुमचं, मावशी?" दिग्दर्शकाच्या मदतनीस भानुमतीनं पेन तिसऱ्यांदा पुढं केलं. "सगळा महाराष्ट्र ते पुस्तक वाचून बसलाय. आता लपवायचं काय राहिलंय?"

वच्छलाबाईनं पेनाकडं पाहिलंही नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली होती. समोर, वाळूजच्या एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिनेमावाल्यांनी सरकारी दवाखान्यातली शवविच्छेदनाची खोली उभी केली होती. हिरवट भिंती, मधोमध दगडी ओटा आणि कोपऱ्यात गळका नळ. तो नळ मुद्दाम गळका केला होता. वच्छलाबाईनं जिथं काम केलं त्या खऱ्या खोलीतला नळ तीस वर्षांत कधी गळला नाही. वायसर ती स्वतः बदलायची. पण पुस्तकात नळ गळत होता, म्हणून इथंही गळत होता.

"आधी वाचून दावा."

"काय वाचायचं? 'कादंबरीतील आयाचे पात्र माझ्या आयुष्यावर बेतलेले असून चित्रपटास माझी हरकत नाही.' झालं."

"त्या आयानं मढ्याच्या पायातली जोडवी चोरल्याली दावणार का शिनेमात?"

"अहो, तोच तर सिनेमा आहे!"

मागं दिवे लावणारी दोघं-तिघं माणसं हसली. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "अंगठी सांभाळ रे बाबा." ते वच्छलाबाईला ऐकू जावं एवढ्या आवाजातच म्हटलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक लेखक आले होते. बजाजनगरातल्या तिच्या दोन खोल्यांत मांडी घालून जेवले, ठेचा आवडला म्हणाले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून तिनं काय काय पाहिलं ते विचारून घेतलं. मयत बाईमाणूस असलं की वच्छलाबाईला हाक यायची. कपडे उतरवणं, केसांतला चिखल काढणं, शेवटी परत लुगडं नेसवून घरच्यांच्या ताब्यात देणं. लेखकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्यातली लासूर स्टेशनकडची सरू तेवढी उचलली. विहिरीत सापडलेली, एकवीस वर्षांची. कादंबरी अशी खपली की एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरही तिची चळत लागलेली असायची. त्यात तंबाखू चघळणारी एक 'वच्छी' होती. ती प्रेताच्या पायातली जोडवी चोळीत घालते, त्यामुळं पुराव्यात घोळ होतो आणि गळा दाबून मारणारा नवरा सुटतो. खून केला नवऱ्यानं, पण वाचणाऱ्यांच्या डोक्यात बसली ती वच्छी.

बद्रीनाथच्या, तिच्या लेकाच्या कंपनीतही ते पुस्तक पोचलं. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "ह्याला भाजी कमी वाढा रे, ह्याच्या घरी मढ्याचं यायचं." त्या दिवसापासून तो डबा मशीनजवळ उभ्यानं खायचा, आणि घरी आला की आईशी भिंतीकडं बघून बोलायचा. आज सकाळी ड्यूटीवर निघताना मात्र त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

"बावीस वर्षं इचारायलोय. चौकशीत म्हणलीस, मी घेतली. घरात म्हणतीस, नाय घेतली. आज त्या डायरेक्टरच्या तोंडावर काय ते एकदाचं सांग. ते काढतो म्हणला तरच सही कर."

"आन् नाय काढलं तर?"

"तर मला लेक म्हणू नको."

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शक श्रीधर स्वतः आला. पस्तिशीचा, दाढीवाला, मुंबईचा असला तरी आजोळ औरंगाबादचं आहे असं तो सगळ्यांना सांगायचा. खुर्ची उलटी फिरवून बसला.

"बोला मावशी. भानुमती म्हणते, तुम्ही अडून बसलाय. वकिलांनी सांगितलंय, तुमच्या सहीशिवाय सिनेमा बाहेर पडणार नाही. म्हणजे सव्वाशे माणसांचं काम तुमच्या एका अंगठ्यासाठी थांबलंय."

"अंगठा नाय. चौथी झालीय मी. वाचाय येतंय मला."

"छान. मग अडचण काय?"

वच्छलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. भानुमती फोनवर होती. शेडच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि ओट्यावर प्रेत होऊन निजणारी पोरगी, कालिंदी, त्या उन्हात पाय सोडून पोहे खात बसली होती.

"ती जोडवी म्या चोरली नाय," वच्छलाबाई म्हणाली.

"मग कुणी?"

बावीस वर्षांत हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता, दम देऊन, हिणवून. हा माणूस मात्र पुढं वाकून, हनुवटी मुठीवर ठेवून विचारत होता. त्याला खरंच हवं होतं. वच्छलाबाई तिथंच फसली.

"तिच्या मायनं मागितली. मनकर्णाबाईनं. अजिंठ्याकडची बाई. डॉक्टर यायला घंटाभर होता. ही जीपातून उतरली ती सरळ दारात येऊन हुभी. रडली नाय, काय नाय. म्हणली, बाई, तू बाईमाणूस हायेस, माझं एवढं ऐक. तिच्या पायातलं त्याच्या नावाचं काढून दे. सवाष्ण म्हणून हे घालून गेली तर फुडल्या जन्मी बी त्योच मिळंल तिला. मोकळ्या पायानं जाऊ दे माझ्या लेकीला."

"आणि तुम्ही काढून दिली."

"दिली. मला काय ठावं, विहिरीवर पोलिसांनी पंचनाम्यात लिव्हलं होतं, पायात चांदीची जोडवी म्हणून. डॉक्टरच्या कागदावर पाय रिकामे. कोर्टात त्याचा वकील म्हणला, मधल्या मधे ज्या मढ्याला हात लागले, त्याच्या गळ्यावरचे वळ बी कुणी केले, सांगा. मला बोलावलं. खरं सांगितलं तर त्या मायलाच धरतील, असं वाटलं मला. म्हणून म्हणलं, म्या घेतली. निकाल लागला तवा कळलं, त्यो त्या रिकाम्या पायांवरच सुटला."

दोन वेतनवाढी गेल्या, बढती हुकली, ते तिनं सांगितलं नाही. त्याला विचारायचंही नव्हतं. तो उठून उभा राहिला होता.

"म्हणजे... मुलीच्या खुन्याला आईनंच सोडवलं?"

"तिला नाय माहीत ते. तिला वाटतंय, त्यांनी वकील मोठा लावला. तिला निस्तं एवढंच ठावं, की—"

"भानुमती!" तो शेडभर ओरडला. "इकडं ये! शेवट सापडला! लेखकाला फोन लाव. आया नाही, आई! चोर कोण, चोर कोण करत लोक दोन तास बसतील, आणि शेवटच्या शॉटमध्ये आई मूठ उघडते. आत जोडवी. मागं चिता. आणि ती हसते."

"हसली नाय ती," वच्छलाबाई म्हणाली.

"सिनेमात हसेल."

मनकर्णाबाई आता ऐंशीला टेकली होती. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास तिच्या पुतण्याचा फोन यायचा, मग तो फोन तिच्या हातात द्यायचा, आणि पलीकडून तोच खरखरीत आवाज तेच वाक्य म्हणायचा: वच्छला, तुझ्यामुळं माझी लेक सुटली गं बाई. बाकी त्या दोघींना एकमेकींशी बोलायला काही नव्हतं. पुस्तक तिच्यापर्यंत गेलं नाही, तिला अक्षर येत नव्हतं. पण पुतण्याच्या पोरांच्या मोबाईलवर ती रोज सिनेमे बघायची. नातवंडं तिला मधोमध बसवायची.

भानुमती धावत आली. श्रीधर तिला भराभरा सांगू लागला. वच्छलाबाई उठली आणि त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"म्या खोटं बोलले."

"काय?"

"खोटं बोलले. मायनं काय मागितलं नाय. ती दारापतुर बी आली नव्हती. म्याच काढली. लासूरच्या बाजारात इकली."

श्रीधर तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर जे आलं ते वच्छलाबाईनं साहेबांच्या, वकिलांच्या, शेजाऱ्यांच्याही तोंडावर पाहिलेलं होतं.

"म्हणजे स्वतःची चोरी तुम्ही आत्ता त्या बाईवर ढकलत होता? जिची मुलगी मेली तिच्यावर?"

"व्हय."

"लाज नाही वाटत?"

भानुमती तोंडातल्या तोंडात "शी" म्हणाली.

"पण सर," भानुमतीच पुढं म्हणाली, "खरं असो की खोटं, शेवट जबरदस्त आहे. आपण घेऊ शकतो ना? कादंबरीच आहे शेवटी."

"घेऊच."

"मग सही मिळायची नाय," वच्छलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण दिवेवाल्यांनी वळून पाहिलं. "कागदावर आणिक एक ओळ ल्हा. मेलेल्या पोरीच्या मायवर काय बी घालायचं नाय. जोडवी आयानंच चोरली, असंच दावायचं. मंग सही. न्हाईतर उद्या तुमचे ते पेपरवाले येणार हायेत ना, त्यांच्यासमोर गेटावर बसते."

"तुम्ही आम्हाला धमकी देताय?"

"काय बी म्हणा."

श्रीधरनं खुर्चीला लाथ मारली. खुर्ची नळापर्यंत घसरत गेली. भानुमती त्याच्या कानाशी लागली, वकील, तारीख, प्रदर्शन असले शब्द ऐकू आले. दहा मिनिटांनी कागदावर हातानं एक ओळ लिहून आली. वच्छलाबाईनं तिच्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावून ती दोनदा वाचली. खाली श्रीधरला सही करायला लावली. मग तिनं आपलं नाव घातलं. वळणदार नव्हतं, पण पूर्ण होतं.

"मिळालं मनासारखं?" श्रीधर म्हणाला. "चोर म्हणून नाव लावून घ्यायला एवढी धडपड करणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय."

तीन वाजता कॅमेरा लागला. कालिंदी ओट्यावर निजली. आयाचं काम करणारी नटी नावाजलेली होती. तिनं जोडवं धरलं आणि ओढलं. जोडवं बाजारातून आणलेलं, घट्ट, बोटात रुतून बसलेलं. परत ओढलं. कालिंदीच्या तोंडून "स्स" असा आवाज आला.

"कट! प्रेत आहेस तू, कालिंदी!"

चौथ्या खेपेला पोरीचं बोट सोलपटलं. वच्छलाबाईला बघवेना.

"वढू नको गं बाई," ती कोपऱ्यातून म्हणाली. "तशी निघत नसती. दोरा लागतो."

सगळे थांबले. आणि मग मघाचाच तो दिवेवाला म्हणाला, "हिला इच्यारा, हिला. हिच्याइतकं कुणाला म्हाईत?" शेडभर हशा पिकला. नटीसुद्धा ओठ दाबून हसली.

श्रीधर हसला नाही. त्यानं वच्छलाबाईच्या हातांकडं पाहिलं. मोठे, शिरा वर आलेले, नखं पार बोटाबरोबर कापलेले हात.

"हिचेच हात घ्या," तो म्हणाला. "चेहरा नको. नुसते हात."

तिनं नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, कागदात तसं काही नव्हतं. पण नटी परत त्या बोटाला हात घालणार होती. वच्छलाबाई पुढं झाली. कपडेपटातल्या बाईकडून दोरा मागून घेतला. दोऱ्याचं टोक जोडव्याखालून सारलं, बोटाला वेढ्याला वेढा लावून गुंडाळलं, आणि खालचं टोक हळूहळू उलगडू लागली. जोडवं एकेका वेढ्यावरून आपसूक वर सरकत आलं आणि तिच्या तळहातात पडलं. श्रीधरनं खुणावलं तसं तिनं ते चोळीत घातलं.

"कट! वा! काय हात आहेत!"

टाळ्या पडल्या. पडद्यामागं छोट्या टीव्हीवर तोच तुकडा परत लावला, आणि बघणाऱ्यांच्या गर्दीत कंपनीच्या निळ्या शर्टातला बद्रीनाथ उभा होता. पहिल्या पाळीची ड्यूटी सुटल्यावर तो थेट इकडंच आला होता. स्वतःच्या आईचे हात तो ओळखणार नाही, असं कसं होईल? किती सराईतपणे ते दोरा फिरवत होते.

तो ओट्यापाशी आला.

"सांगितलंस?"

"सही केली."

"काढणार हायेत का ते?"

"नाय."

"मंग सही काहून केलीस?" त्याचा आवाज फाटला. लोक बघत होते. "माय, मला एकट्याला सांग. कुणाला नाय सांगणार म्या. तू घेतली होतीस का?"

वच्छलाबाईला त्याचं तोंड दिसत होतं. चार वर्षांचा असताना ताप आला की असंच तोंड करून तो तिच्या ड्यूटीवरून येण्याची वाट बघायचा. ह्याला सांगितलं तर हा गप्प बसणार नाही. कँटीनमध्ये सांगेल, आधी कँटीनमध्येच सांगेल. आणि का सांगू नये त्यानं?

"व्हय," ती म्हणाली.

बद्रीनाथनं मान हलवली. मग तो वायरी ओलांडत दाराकडं गेला. बाहेर मोटारसायकल दोन किकांत चालू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली.

"पुढचा शॉट!" भानुमती ओरडली. "मावशी, तुमचं झालं. निघा आता. ते जोडवं इकडं द्या आधी, आठवणीनं!"

वच्छलाबाईनं ते काढून तिच्या हातावर ठेवलं. ओट्यावर कालिंदी अजून तशीच पडून होती. दिवे बदलेपर्यंत हलू नको म्हणून तिला बजावलेलं होतं. दगड गार होता आणि पोरीच्या पोटऱ्यांवर काटा उभा राहिला होता.

वच्छलाबाई ओट्याच्या कडेला टेकली. सोलपटलेल्या बोटाला तिनं पदराचं टोक ओलं करून लावलं. मग तिचे दोन्ही तळपाय आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागली. टाचेपासून बोटांपर्यंत, परत टाचेपर्यंत. हळूहळू त्यांत ऊब यायला लागली.

"मावशी," कालिंदी डोळे मिटूनच कुजबुजली, "नका ना. गुदगुल्या व्हायल्यात."

वच्छलाबाईचे हात थांबले नाहीत.