दुपारी विणारी टाकी

कोंबड्यांची पिल्लं आली त्याच दिवशी आक्काच्या जावयाने प्रोपेनच्या नव्या टाकीला दाबाचा काटा बसवला. घड्याळासारखा गोल, काचेचा, जावयाइतकाच चकचकीत. वर शेडच्या दारावर त्याने खडूने गणितही मांडलं: टाकीत चाळीस किलो गॅस, किलोमागे तेरा युनिट उष्णता, पिल्लांना ऊब देणारी शेगडी तासाला दोन युनिट खाणार, म्हणजे टाकी जवळजवळ अकरा दिवस पुरणार. दोन यत्ता शिकलेल्या आक्काने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण खडू पुसेल म्हणून दाराला हात लावू नका, असं जावयाने फर्मावलं, तेव्हा मग तीनशे पिल्लांना दाणा छपरातून टाकायचा का, एवढं तिने विचारून घेतलं.

एरवी तिने टाकीजवळ कुणाला फिरकू दिलं नसतं. पस्तीस वर्षं ती किटलीभर कढत पाणी टाकीवरून ओतायची आणि तळवा वरून खाली फिरवत न्यायची. रिकाम्या भागाचा पत्रा पाण्याने तापतो. आत पातळ गॅस असेल तिथे तो गारच राहतो. गार लागलं की समजायचं, इथपर्यंत माल आहे. जावयाने ही रीत अडाणी ठरवली आणि आक्का चक्क गप्प बसली. घरच्यांना वाटलं, जावयाचा मान राखला. मान कसला? गेल्या हिवाळ्यापासून तिच्या तळव्यांना ऊन-गार कळेनासं झालं होतं, आणि हे कबूल करण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली असती.

चौथ्या दिवशी थंडी कडाडली. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढू लागली, म्हणून आक्काने शेगडी पूर्ण सोडली. जावई काट्यासमोर असा उभा राहायचा, जणू तिथून आशीर्वाद मिळणार होता. सकाळी काटा जरा उतरलेला असे, ऊन आलं की पुन्हा वर. सहाव्या दिवशी दुपारी तर सकाळपेक्षा चांगला बोटभर वर गेला. ते दाखवायला त्याने सगळ्यांना हातातली कामं सोडून बोलावलं.

"जावईबापू," आक्का म्हणाली, "तुमची टाकी दुपारची विते वाटतं."

जावई समजुतीने हसला. दाब आहे म्हणजे गॅस आहे, अजून पाच दिवस बघायला नको, असं त्याने सगळ्यांना समजावलं. गॅसवाल्याची शेवटची फेरी त्याच दिवशी पाचला होती, पुढचे दोन दिवस गोदाम बंद. तरी त्याने फोन करून टाकी नको म्हणून सांगितलं आणि जेवून आडवा झाला.

आक्का मात्र अर्ध्या जेवणावरून उठली. जो काटा उन्हात चढतो आणि थंडीत उतरतो, तो गॅस कुठला मोजतोय, तो ऊन मोजतोय. आणि शेगडी तीन दिवस दुपटीहून जास्त खातेय, ते खडूला कुणी सांगितलं? दोन दिवस शेगडी विझली तर शेडमध्ये पिल्लं उरणार नव्हती, नुसती पिसं उरली असती. तिने किटली तापवली, पाणी ओतलं, तळवा फिरवला. काही कळलं नाही. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतताना मागे सून उभी होती.

ही सून लग्न होऊन आली तेव्हापासून आक्का तिच्या हातांना शोभेचे हात म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा.

"हात दे इकडे," आक्का म्हणाली.

"शोभेचा आहे."

"दे म्हटलं ना. माझा चालत नाही."

सून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला आणि तळवा पत्र्याला लावला. हात खाली जात राहिला, अर्ध्याखाली गेला, आणखी खाली, आणि तळापासून वीतभरावर थांबला.

"आई, इथून गार लागतंय."

वीतभर. पूर्ण आचेला उद्या दुपारपर्यंत, फार तर. आक्काने सुनेलाच फोन करायला लावला. पाचला दहा कमी असताना टाकी उतरली. तिच्या खडखडाटाने जावई उठून आला आणि म्हणाला की गणित बरोबरच होतं, ते छोट्या आचेचं होतं.

"मग पिल्लांना सांगायचं होतंत," आक्का म्हणाली, "थंडी छोट्या आचेपुरतीच वाजवून घ्या म्हणून."

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत काटा ताठ उभा होता. बाराला पडला. नवी टाकी लागलीच जोडली, पिल्लांना पत्ताही लागला नाही. आक्काने काटा काढायला लावला, पदराने पुसला आणि जावयाच्या हातात दिला. घरी खिडकीत लावा, म्हणाली, स्वेटर घालायचा की नाही ते कळेल.

आता टाकीवर पाणी आक्का ओतते आणि हात सून फिरवते. शोभेचे हात हा शब्द घरातून गेला. तो कधी गेला, हे विचारायची कुणाची छाती नाही. परवा सून म्हणाली, "आई, जरा हळू ओता, भाजतंय."

"भाजतंय ना?" आक्का म्हणाली. "नशीबवान आहेस."

आणि पुढचं पाणी तिने हळू ओतलं.