खाटेखालचं पाणी

विल्हेल्मिना ग्रीव्हजचं पत्र मला १९०५च्या सप्टेंबरात आलं. त्याला आता तेहतीस वर्षं झाली, आणि मी उत्तर दिलेलं नाही.

पत्र लहान होतं. तिचा भाऊ डार्नली पनामा कालव्याच्या तोंडाशी असलेल्या कोलोन गावात माझ्या खोलीत राहायचा आणि पिवळ्या तापाने गेला होता. तिने बार्बाडोसहून लिहिलं होतं : "ब्रदर नेहेमाया यांनी आमच्या पाद्रींना कळवलंय, की पाण्यात खोट नव्हती, डार्नलीची श्रद्धाच कमी पडली. तेव्हापासून आई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. मिस्टर लॅशली, तुम्ही त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपत होतात. तो खरंच प्रार्थना करत नव्हता का? एवढंच सांगा."

'करत होता' असं एका ओळीत लिहिता आलं असतं. पण त्याच्या पुढची ओळही लिहावी लागली असती, आणि ती लिहिण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. आजही आहे की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितो.

त्या उन्हाळ्यात आमच्या लाकडी घरांच्या मागच्या अंगणात दर रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. सुरुंगाच्या दारूचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर ब्रदर नेहेमाया उभा राही. पांढरा कोट, पांढरी टोपी, आणि आवाज असा की कालव्याच्या खोदकामावरची वाफेची यंत्रं लाजतील. हातात एक मातीचं भांडं.

"आठ दिवसांपूर्वी यात काय होतं?"

"पाणी!" लोक ओरडत.

"कसलं पाणी?"

"स्वच्छ!"

"मीच प्रार्थना करून दिलेलं. ते सिस्टर ओडेसाच्या नवऱ्याच्या खाटेखाली ठेवलं. आणि आज?"

मग तो ते भांडं एका पांढऱ्या इनॅमलच्या ताटात ओती. शंभरएक बारीक काळ्या अळ्या वळवळत, शेपट्या वर करून, खाली बुडत, पुन्हा वर येत. बायका किंचाळत. पुढच्या रांगेतले मागे सरकत आणि मागचे बघायला पुढे घुसत.

"हा बघा पिवळा ताप! जिवंत पकडलाय! त्या माणसाच्या हाडांतून, रक्तातून, गादीतून, फळ्यांतून ओढून खाली आणलाय. बघा कसा तडफडतोय, परत जायचंय त्याला! जाऊ देऊ का?"

"नको, ब्रदर, नको!"

"मग ऐका. हे पाणी कधी ओतायचं नाही. ओतलंत तर ताप जमिनीत शिरेल आणि लेकरांच्या तळव्यांतून वर चढेल. ठेवायचं, वाट बघायची. एकेक किडा नाहीसा होईल. शेवटचा नाहीसा झाला की समजा, ताप घर सोडून गेला."

कोणीतरी मागून विचारलं, "आणि डॉक्टर लोक म्हणतात, पाणी साठवू नका, ते?"

"डॉक्टर!" नेहेमाया हसला. "बाबा, फ्रेंच इथे कालवा खणायला आले होते, तेव्हा त्यांच्या इस्पितळात प्रत्येक खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवून ठेवायचे. का? मुंग्या चढू नयेत म्हणून, असं सांगायचे. मुंग्या! अरे, त्यांना गुपित माहीत होतं! फक्त त्या पाण्यावर प्रार्थना करायला माणूस नव्हता."

अंगणाच्या कडेला दोरीवर सदरे वाळत घालणारी मिस अडिना तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "त्या इस्पितळाच्या मागची दफनभूमी बघितलीय का, ब्रदर? गुपित चांगलंच लागू पडलेलं दिसतं."

थोडे लोक हसले. बाकीच्यांनी तिला गप्प केलं. एका चांदीच्या डॉलरला एक भांडं. दुपार संपेपर्यंत खोक्यामागची सगळी भांडी गेली. एक डार्नलीने घेतलं.

आता माझ्याबद्दल. मी आरोग्य पथकात कारकून होतो. घरोघरी जाऊन पाणी साठलेली भांडी, पिंपं, डबे यांची नोंद करायची, तपासनीस ती उलटी करायचा, धूर करणारी टोळी मागून यायची. पट्टेरी पायांचा डास तापाच्या रोग्याला चावतो, काही दिवसांनी तोच दुसऱ्याला चावतो आणि ताप देतो. तो डास घरातल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो : हे सांगणारं सूचनापत्र मी माझ्या हाताने तीनशे वेळा उतरवून काढलं होतं. मला ते पाठ होतं. आणि डार्नली भांडं घेऊन खोलीत आला तेव्हा मी पुस्तकातून मान वर करून म्हणालो, "हं."

"प्रोफेसर, हं काय?" तो म्हणाला. तो मला प्रोफेसरच म्हणायचा. "पलीकडच्या खोलीत ती मार्टिनिकची माणसं एकामागून एक तापाने पिवळी पडतायत. मला घरी पैसे पाठवायचेत, मरायला वेळ नाही."

"अळ्या तशाही होतात," मी पुटपुटलो.

"मोठ्याने बोल की!"

"काही नाही."

चौथ्या दिवशी अळ्या आल्या. डार्नलीने गुडघे टेकून देवाचे आभार मानले. विल्हेल्मिना, तो रोज प्रार्थना करत होता, सकाळी आणि झोपताना, आणि मधे तुझ्या आईचं नाव घेत होता.

सहाव्या दिवशी आमचंच पथक आमच्याच घरी आलं. डार्नली खाटेवर बसला आणि त्याने चादर जमिनीपर्यंत सोडली. तपासनीसाने दारातूनच विचारलं, "लॅशली, ही तुझीच खोली ना? पाणी आहे कुठे?"

डार्नलीने माझ्याकडे बघितलं. भीक मागावी तसं.

"नाही, सर," मी म्हणालो. आणि वहीत शून्य लिहिलं.

सगळ्या गावात ज्याला खरं माहीत होतं असा मी एक होतो, आणि मी शून्य लिहिलं. नेहेमायाची मला किळस येते ती येतेच. पण त्याला निदान बोलता तरी येत होतं.

दहाव्या दिवशी भांड्यातल्या अळ्या नाहीशा झाल्या. डार्नलीने शेजाऱ्यांना खारा मासा आणि भात खाऊ घातला. तीन आठवड्यांनी त्याचं डोकं दुखायला लागलं. मग पाठ. मग डोळे पिवळे झाले, आणि शेवटी उलटी आली ती कॉफीच्या चोथ्यासारखी काळी. मी लहानपणी त्या तापातून उठलेलो होतो, म्हणून माझ्यावर काही आलं नाही. पाचव्या दिवशी तो गेला.

दफनाच्या वेळी नेहेमाया पुढे आला. टोपी छातीशी धरून म्हणाला, "भाऊ-बहिणींनो, पाणी आपलं काम करत होतं. पण जिथे शंका असते तिथे ताप परत येतो. ब्रदर डार्नलीच्या मनात शंका होती. तुमच्या मनात येऊ देऊ नका." आणि खड्ड्यावर माती पडायच्या आतच त्याने दोन भांड्यांचा सौदा केला.

मी गप्प होतो. बोलली ती मिस अडिना.

"ब्रदर, तुमचं पाणी तापाला ओढतं ना?"

"ओढतं, सिस्टर."

"हाडांतून? गादीतून? फळ्यांतून?"

"दगडातून ओढेल!"

"छान. मग दोन भांडी द्या, दोन्हींवर प्रार्थना करा. दोन्ही सिस्टर ओडेसाच्या नवऱ्याच्या खाटेखाली ठेवू. फक्त एकाच्या तोंडावर मी हे कापड बांधते." तिने कमरेचं विरलेलं पिठाच्या पोत्याचं कापड काढून दाखवलं, ज्यातून ऊन दिसत होतं.

"कापड कशाला?" नेहेमायाचा आवाज जरा खाली आला.

"का? लाकडाच्या फळ्यांतून उतरणारा ताप कापडाला लाजतो का?"

या वेळी सगळे हसले. तो नाही म्हणू शकला नाही. लोकांच्या देखत प्रार्थना झाली, देखत कापड बांधलं, गाठीवर मेण ओतलं.

आठ दिवसांनी तेच अंगण, तेच पांढरं ताट. उघडं भांडं ओतलं : वळवळ. झाकलेलं ओतलं : नुसतं पाणी. नळाच्या पाण्यासारखं नितळ.

मग सिस्टर ओडेसा हळूच म्हणाली, "म्हणजे ताप खाटेतून नाही उतरला... बाहेरून आलं काहीतरी."

"मी अठरा वर्षं साहेबांचे सदरे धुतेय," मिस अडिना म्हणाली. "खळीचं पाणी झाकलं नाही तर चौथ्या दिवशी त्यात हे किडे होतात. पांढऱ्या सदऱ्याला चिकटले की शिव्या मला. म्हणून प्रत्येक धोबीण पिंपावर कापड बांधते. आमच्या पिंपावर कोण तापाने फणफणलेला झोपतो, सांगा बघू?"

"श्रद्धा नसेल तर..." नेहेमायाने सुरू केलं.

"थांबा, अजून एक आहे." तिने दुसरं एक भांडं पुढे ओढलं. तिने ते आठवड्यापूर्वी किड्यांसकट झाकून ठेवलं होतं. "यातलेही किडे 'नाहीसे' झालेत. घर सोडून गेले असतील ना?"

तिने गाठ सोडली नाही. भांडं उन्हात उचललं, आणि विरलेल्या कापडाच्या आतून आम्हाला दिसले ते डास. पन्नासएक. पाय पट्टेरी. कापडाला धडका देत होते.

चौथ्या दिवशी डार्नलीने ज्यासाठी देवाचे आभार मानले होते, ते डास होऊन आमच्या खाटेखालून उडून पलीकडच्या खोलीत त्या मार्टिनिकच्या माणसांना चावायला गेलं होतं, आणि परत आलं होतं. आम्ही ते पाळलं होतं. चादरीआड लपवून.

तेव्हा पहिल्यांदा मी मोठ्याने बोललो. सूचनापत्र पाठच होतं. तोतरेपणाने सगळं म्हणून दाखवलं. वहीतलं शून्यही सांगितलं. कोणी मला मारलं नाही. सिस्टर ओडेसा घरात गेली, तिथलं आणखी एक भांडं उचलून आणलं आणि नेहेमायाच्या पांढऱ्या कोटावर रिकामं केलं. त्या आठवड्यात लोकांनी आपण होऊन खाटांखालून भांडी काढून पथकापुढे मांडली. नेहेमाया पनामा शहराच्या गाडीत बसला. तिकडे त्याने काय विकलं, देव जाणे. पण जाण्याआधी त्याने बार्बाडोसला ते पत्र धाडलं होतं.

मिस अडिनाकडे ना पुस्तक होतं ना सूक्ष्मदर्शक. तिने एक भांडं झाकलं, एक उघडं ठेवलं आणि वाट बघितली. माझ्याकडे पुस्तकं होती आणि मी वाट बघत बसलो. कोणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याचा अपमान करू नका, वाद घालू नका; एवढंच करा. दोन भांडी मागा. आणि जो म्हणेल की तपासणाऱ्याचीच श्रद्धा कमी आहे, त्याच्यापासून आपल्या माणसांना दूर ठेवा.

हे सगळं मी विल्हेल्मिनाला लिहिलं. तिची आई आता नसेल. तीही असेल की नाही, माहीत नाही. पत्ता तेहतीस वर्षं जुना आहे. शेवटी लिहिलं : "तुझ्या भावाची श्रद्धा कमी पडली नाही. ती पुरेपूर होती, म्हणूनच तो गेला. आणि माझं तोंड बंद होतं, म्हणून. तो दोष त्याचा नव्हता. आईच्या वतीने तू पुढच्या बाकावर बस."

चार वेळा फाडलं. पाचव्यांदा पाकीट बंद केलं, आणि काल सकाळी टपाल कचेरीत जाऊन खिडकीतल्या बाईच्या हातात दिलं.