ठेवणीतला कॅरिअर

आमच्या आमूच्या मांड्यांवर रोज संध्याकाळी लाल वळ उठायचे आणि घरात एकट्या मलाच त्याचा संताप यायचा. आमू म्हणजे आम्रपाली, माझी नात. वर्ष उलटून गेलंय, दोन्ही वेळा पोटभर जेवते, अंगाने चांगली भरलीय. आणि तिला मी जिच्यात घेऊन फिरायची ती कांगारू पिशवी, आमू अगदी तान्ही असताना कुणीतरी दिलेली. सगळा भार जांघेतल्या एका चिंचोळ्या पट्टीवर, आणि खाली पाय दोरीवरच्या ओल्या पायजम्यासारखे लोंबकळत. पिशवीचे बंद माझ्या खांद्यात रुतायचे ते वेगळंच. रात्री कुशीवर वळणंसुद्धा जिवावर यायचं.

मुलगा प्रज्ञेश आणि सून सोनाली सकाळीच हडपसरला कंपनीत जातात, ते अंधार पडल्यावर विश्रांतवाडीत परततात. तोवर पोर माझ्याकडे. गिरणी, भाजी, बुद्धविहार, सगळीकडे माझ्या छातीशी बांधलेली. आमचे हे पेपर वाचतात.

नवा कॅरिअर, म्हणजे पोराला छातीशी बांधायची नव्या तऱ्हेची पिशवी, घ्यायचा ठरला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. दोघांनी मोबाईलवर एवढा अभ्यास केला, की तेवढ्यात एखादा स्पर्धा परीक्षा पास झाला असता. शेवटी एका रविवारी दुकानात गेलो. तिथली नम्रता नावाची मुलगी मात्र शहाणी निघाली. कापडी बाहुली बाजूला ठेवून म्हणाली, "बाळालाच बसवून बघा. गुडघे बुडापेक्षा वर यायला हवेत, मांडीला गुडघ्यापर्यंत आधार हवा. आणि भार खांद्यावर नको, कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचा."

प्रज्ञेशने घालून पाहिला, सोनालीने घालून पाहिला. मी म्हटलं, "आता मला बांध."

"तुला कशाला, आई?" प्रज्ञेश म्हणाला.

मी नम्रतापुढे जाऊन उभी राहिले. नम्रताने पट्टा कमरेला आवळला, आमूला आत बसवलं आणि माझे खांदे एकदम मोकळे झाले. पोरीने माझ्या छातीवर गाल टेकला आणि तिथेच, दुकानाच्या त्या गोंगाटात, झोपून गेली. "हाच घ्या," मी म्हटलं. मला भरून आलं होतं, उगाच लपवत नाही.

तोच घेतला. मलई रंगाचा. लहान मुलाच्या वस्तूला मलई रंग काढणारा तो कोण शहाणा, आणि विकत घेणारे त्याच्याहून शहाणे. फोटोत छान दिसतो म्हणे.

सोमवारी सकाळी शोधते, तर कॅरिअर कुठेच नाही. दाराजवळ बूट घालत असलेला प्रज्ञेश म्हणाला, "अगं, तो वर कपाटात ठेवलाय, कव्हरमध्ये. तो बाहेरसाठी आहे. ट्रिप, फंक्शन असं. रोजच्याला जुना आहे ना?"

"रोजच्याला पोर तीच आहे ना रे?"

"आई, प्लीज. डाग पडले की रिसेलला कोणी घेत नाही. आमू मोठी झाली की विकायचाच आहे. सगळे तसंच करतात."

मला किळस आली. राग नव्हे, किळसच. पोर अजून त्यात धड बसली नाही, आणि तिचा बाप ती उतरल्यावरच्या गिऱ्हाइकाची काळजी करत होता.

"मग ती बसणार कधी?"

"वीकेंडला," तो म्हणाला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

पुढच्या रविवारी गेले दोघं कुठल्याशा टेकडीवर. बापाच्या छातीवर लेक, मागे सूर्य, दोघांचे गॉगल. नातेवाइकांच्या ग्रुपवर बदाम आणि टाळ्यांचा नुसता पाऊस. एकीने लिहिलं, "आजकालचे बाबा किती करतात!" मी फोन पालथा घातला. घरी आल्यावर दोघांनी ओल्या टिश्यूने कॅरिअर पुसला, घडी घातली आणि कव्हरची चेन लावली. तेवढ्या मायेने कुणी आमूचे पाय चोळले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी आमूचे कपडे बदलताना सोनालीने वळ पाहिले. "अहो आई, डायपर वेळेवर बदलता ना? रॅश आलाय हिला." आणि मलम लावायला बसली. माझ्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. या घरातल्या हुशारीची मला शिसारी आली.

बुधवारी दोघं गेल्यावर मी स्टुलावर चढले. कव्हर काढलं, कमरेला पट्टा आवळला, आमूला बसवलं. गिरणीत गेलो. भाजी आणली. विहारात जाऊन आलो. पिठाचा हात लागला, कोथिंबिरीचं पाणी लागलं. पोर वाटेत दोनदा झोपली.

दुपारी तिला कॅरिअरमधून न काढताच पलंगाच्या कडेला बसले आणि शेजारी वरणभाताची ताटली घेतली. एरवी मी तिच्या गळ्याला लाळेरं बांधते. त्या दिवशी बांधलं नाही. आमूने ताटलीत पंजा घातला आणि पिवळाधमक हात पट्ट्याला पुसला. मग दुसऱ्या पट्ट्याला.

पेपराआडून हे म्हणाले, "अगं कांता, हळदीचा डाग आहे तो. निघायचा नाही."

"म्हणूनच तर वरण केलंय," मी म्हटलं आणि ताटली तिच्या आणखी जवळ सरकवली.

संध्याकाळी प्रज्ञेश दारातच ओरडला. "आई! हे काय केलंस? सगळा पिवळा झालाय! आता हा कोण घेणार?"

"आमू," मी म्हटलं.

तो सोनालीकडे बघायला लागला. ती आमूचे कपडे बदलत होती. तिने एक मांडी पाहिली, मग दुसरी. आज एकीवरही वळ नव्हता. उघडलेली मलमाची ट्यूब तिने झाकण लावून पुन्हा खणात ठेवली आणि नवऱ्याकडे वर पाहिलं नाही.

मी कॅरिअर उचलला आणि दाराजवळच्या खुंटीला, दळणाच्या पिशवीशेजारी, अडकवून ठेवला.